अमेरिकेहून आणलेला फोन इथे अडखळतो, कारण त्याच्या पोटात एक मोहरीएवढा दाणा कमी असतो

सुट्टीला आलेला आतेभाऊ अमेरिकेतून फोन घेऊन येतो. भारी फोन. सिम टाकलं, कॉल लागला, व्हॉट्सॲप सुरू झालं, घरात सगळे खूश. मग एका संध्याकाळी दादर स्टेशनच्या गर्दीत उभं असताना लक्षात येतं की शेजारच्याच्या बारा हजारांच्या फोनवर मॅच सुरळीत चालू आहे आणि आपल्या लाखाच्या फोनवर नुसतं चक्र फिरतंय.

दुकानात नेला की मोबाईलवाला मॉडेल नंबर बघतो आणि म्हणतो, "यात बँड ४० नाही. हा तिकडचा पीस आहे."

बँड ४० म्हणजे २३०० ते २४०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा. भारतात जिओ आणि एअरटेल दोघंही ४जी साठी तो वापरतात, खास करून गर्दीच्या भागात. अमेरिकेत मोबाईलसाठी तो असा वापरला जात नाही, म्हणून तिथल्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत तो दिलेलाच नसतो.

मग अपडेट मारून येईल का? नाही. सर्व्हिस सेंटरवाला लॅपटॉपला जोडून काही करेल का? बहुतेक वेळा तेही नाही. कारण जे कमी आहे ते सॉफ्टवेअर नाहीये, वस्तू आहे. त्या पट्ट्याचा फिल्टर आणि त्याच्या जोडीचे एकदोन भाग बोर्डावर बसवलेलेच नाहीत.

हा फिल्टर असतो जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा. आणि तो जे करतो ते पहिल्यांदा ऐकलं की खोटं वाटतं. अँटेनाने पकडलेल्या रेडिओ लहरीचं तो आधी आवाजात रूपांतर करतो. तो आवाज एका स्फटिकावरून काही केसांच्या जाडीएवढं अंतर चालतो. पलीकडे गेला की त्याची पुन्हा वीज होते. या सगळ्या खटाटोपात हवी ती फ्रिक्वेन्सी पार होते आणि नको त्या मागेच राहतात.

हो, आवाजच. अर्थात आपल्या कानाला ऐकू येणारा नाही. पण पदार्थातून धक्क्याधक्क्याने पुढे सरकणारी लाट म्हणजे आवाज, या अर्थाने अगदी शंभर टक्के आवाज.

या वस्तूचं नाव सरफेस अकूस्टिक वेव्ह फिल्टर. पृष्ठभागावरून चालणाऱ्या ध्वनिलहरीचा फिल्टर. इंजिनियर लोक लाडाने नुसतं 'सॉ' म्हणतात. तुमच्या खिशातल्या ४जी किंवा ५जी फोनमध्ये सॉ आणि त्याच्या भावंडांची संख्या सहज काही डझनांत जाते. प्रोसेसर किती नॅनोमीटरचा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सगळ्यांना पाठ असतं. फिल्टरचं नाव मात्र कुठल्याही जाहिरातीत येत नाही.

ढोल वाजवता वाजवता कुजबुज ऐकायची

आधी अडचण किती मोठी आहे ते बघू, म्हणजे हा द्राविडी प्राणायाम का करावा लागतो ते कळेल.

४जी च्या बऱ्याच बँडमध्ये तुमचा फोन एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. वॉकीटॉकीसारखं "ओव्हर" म्हणून थांबत नाही. टॉवरकडे पाठवायची लहर एका फ्रिक्वेन्सीवर, टॉवरकडून येणारी दुसरीवर, आणि दोन्ही एकाच अँटेनातून.

आता ताकदीचा हिशोब बघा. फोन पूर्ण जोर लावतो तेव्हा साधारण ०.२ वॉट बाहेर सोडतो. आणि रेंज अगदी काठावर असते तेव्हा टॉवरकडून फोनपर्यंत पोचणारी ताकद एका पिकोवॉटपेक्षाही कमी असते. पिकोवॉट म्हणजे एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग. दोन्हींतला फरक पन्नास हजार कोटी पटींच्या घरात जातो.

गणेशोत्सवात ढोल-ताशा पथक वाजतंय. तुम्ही स्वतः कमरेला ढोल बांधून बडवताय. आणि त्याच वेळी रस्त्याच्या टोकाला उभं राहून कुणीतरी तुमच्या नावाने कुजबुजतंय, ते तुम्हाला शब्दन् शब्द ऐकायचंय. फोनची परिस्थिती याहून वाईट असते.

वाचवणारी गोष्ट एकच. ढोलाचा सूर आणि कुजबुजीचा सूर वेगळा आहे. कानात असं काहीतरी घाला की जे ढोलाचा सूर अडवेल आणि कुजबुजीचा आत सोडेल.

बँड ३ चं उदाहरण घ्या, जो भारतात १८०० चा बँड म्हणून ओळखला जातो. फोन बोलतो १७१० ते १७८५ मेगाहर्ट्‌झमध्ये आणि ऐकतो १८०५ ते १८८० मध्ये. मधली मोकळी जागा फक्त २० मेगाहर्ट्‌झ. म्हणजे सुमारे एक टक्का. ९०० च्या बँडमध्ये तर ९१५ ला बोलणं संपतं आणि ९२५ ला ऐकणं सुरू होतं. एवढ्याशा फटीत "पूर्ण उघडं" पासून "पूर्ण बंद" पर्यंत जाणारा दरवाजा बसवायचा आहे.

कॉइल आणि कपॅसिटर वापरून फिल्टर करता येतो, तो आपल्या जुन्या रेडिओतही होता. पण त्याचा उतार फार सपाट असतो. एवढ्या अरुंद फटीत तो दरवाजा उघडझाप करू शकत नाही. मोबाईल टॉवरवर चांगले फिल्टर असतात, पण ते धातूचे पोकळ डबे असतात. त्यांना जागा लागते, कारण रेडिओ लहरीच मुळात लांब असते. १८०० मेगाहर्ट्‌झची लहर हवेत सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची. तिला खेळवायचं तर आकारही त्या मापाचा हवा. जेवणाचा डबा फोनमध्ये कोण बसवणार?

म्हणून लहरच छोटी करायची. आणि लहर छोटी करायचा उपाय म्हणजे तिला हळू करायचं.

रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळते. स्फटिकाच्या पृष्ठभागावरचा आवाज सेकंदाला तीन ते चार किलोमीटर. जवळजवळ एक लाख पट हळू. फ्रिक्वेन्सी तीच ठेवून वेग लाखाने कमी केला की लहरीची लांबीही लाखाने कमी होते. सतरा सेंटिमीटरची लहर होते दोन मायक्रॉनची. डबा होतो मोहरीचा दाणा.

सॉ ची सगळी गंमत या एका भागाकारात आहे. बाकी सगळी कारागिरी.

ही लाट मुळात भूकंपाची

पृष्ठभागाला चिकटून चालणारी अशी लाट असू शकते हे गणिताने पहिल्यांदा दाखवलं ते इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी, १८८५ मध्ये. मोबाईल सोडा, तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता. रॅले यांच्या डोक्यात होती जमीन. घन पदार्थाच्या आतून जाणाऱ्या लाटा सगळीकडे पसरतात आणि लवकर विरतात. पण पृष्ठभागावरून जाणारी लाट फक्त वरवरच पसरते, म्हणून ती दूरपर्यंत टिकते. भूकंपात अशा लाटांचा मोठा वाटा असावा, अशी शक्यताही त्यांनी त्याच लेखात मांडून ठेवली होती.

ते बरोबर निघालं. दूरच्या मोठ्या भूकंपाची नोंद वेधशाळेच्या आलेखावर बघितली तर आधी बारीक थरथर येते आणि मग काही वेळाने मोठ्या, संथ हेलकाव्यांची रांग येते. त्या हेलकाव्यांत रॅले लाटा असतात. जमिनीचा प्रत्येक कण लंबगोल फिरतो, थोडासा पाण्यावरच्या लाटेसारखा. आणि खाली एखाद्या लहरीच्या लांबीएवढं गेलं की ही हालचाल जवळपास संपते.

(नोबेल मात्र त्यांना १९०४ मध्ये मिळालं ते वायूंच्या घनतेवरच्या कामासाठी आणि आरगॉन वायूच्या शोधासाठी. या लाटांचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

फोनमधल्या स्फटिकावर हाच भूकंप चालू असतो. फरक एवढाच की लाटेची लांबी काही किलोमीटरऐवजी दोन मायक्रॉन, आणि ती सेकंदाला शे-दोनशे कोटी वेळा हलते.

गॅस लायटर आणि दोन फण्या

पण विजेपासून असा भूकंप घडवायचा कसा?

स्वयंपाकघरातला खटका दाबायचा गॅस लायटर आठवा. त्यात ना सेल असतो ना वायर. खटक्यासरशी आत एक छोटी हातोडी एका खास पदार्थाच्या तुकड्यावर आपटते आणि ठिणगी पडते. दाबलं की वीज निर्माण होण्याच्या या गुणाला पिझोइलेक्ट्रिक गुण म्हणतात. १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी तो क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांत दाखवला. हा गुण उलटाही चालतो. वीज दिली की स्फटिक किंचित आकसतो किंवा फुगतो.

म्हणजे विजेने स्फटिक हलवता येतो. आता तो नेमका वरच्या वर, हव्या त्या लांबीच्या लाटेने हलला पाहिजे.

त्याची युक्ती १९६५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमध्ये रिचर्ड व्हाइट आणि फ्रेडरिक व्होल्टमर यांनी मांडली. ती इतकी साधी आहे की आपल्याला आधी का सुचली नाही असं वाटावं.

दोन फण्या घ्या. एकमेकींसमोर धरा आणि दात एकमेकांत अडकवा, पण एकाचा दुसऱ्याला स्पर्श होऊ देऊ नका. अशा दोन धातूच्या फण्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर छापा. एकीला प्लस, दुसरीला मायनस. वीज दिली की दातांच्या मधला स्फटिक एका जागी आकसतो, पुढच्या जागी फुगतो, पुन्हा आकसतो. पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. विजेची दिशा उलटली की सुरकुत्याही उलटतात. आणि ही हालचाल लाट होऊन पुढे निघते.

आता झोक्याची गोष्ट. झोका मागे येतो त्याच क्षणी ढकलला तर उंच जातो, भलत्या वेळी ढकलला तर थांबतो. पहिल्या दातांनी निर्माण केलेली लाट दुसऱ्या जोडीपाशी पोचते तेव्हा ती जोडीही नेमकी त्याच वेळी ढकलत असेल तर लाट वाढते. शंभर जोड्यांनी एकामागोमाग योग्य वेळी ढकललं तर लाट दणकून उठते. पण फ्रिक्वेन्सी थोडी इकडची तिकडची असेल, तर पाचव्या जोडीपर्यंत चूक लक्षात येत नाही, पण पन्नासाव्या जोडीला ती उलट्या वेळी ढकलत असते आणि सगळं खोडलं जातं.

दात जितके जास्त, फिल्टर तितका चोखंदळ. आणि दातांतलं अंतर किती, यावर तो कुठल्या फ्रिक्वेन्सीला "ये" म्हणणार हे ठरतं. पलीकडे तशाच दुसऱ्या फण्या बसवा, त्या लाटेची पुन्हा वीज करतात. फिल्टर तयार. हलणारा भाग नाही, पिळायचा स्क्रू नाही, वेगळा सेल नाही. धातूची नक्षी, बस.

घरातल्या जुन्या टीव्हीतही तो होता

सॉ चा पहिला मोठा उपयोग लष्करी रडारमध्ये झाला. घराघरात तो पोचला तो मात्र टीव्हीतून.

जुन्या टीव्हीत कुठलाही चॅनल लावला तरी तो आधी एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणला जायचा. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्रासाठी ३८.९ मेगाहर्ट्‌झ आणि आवाजासाठी ३३.४. या पट्ट्याचा आकार नेमका राखावा लागायचा. चित्र पूर्ण हवं, आवाज दबका हवा, शेजारचा चॅनल अजिबात नको. आधी हे काम चार-पाच कॉइल करायच्या. प्रत्येकीत फेराइटचा स्क्रू, आणि तो प्लॅस्टिकच्या पेचकसाने हळूच पिळून सगळ्या एकमेकींशी जुळवायच्या. एक बिघडली की चित्रात आवाजाच्या रेघा. टीव्ही मेकॅनिकची खरी परीक्षा तिथे होती.

सॉ फिल्टर आला आणि हा स्क्रूंचा खेळ बराचसा संपला. फण्यांचे सगळे दात सारख्या लांबीचे न ठेवता मध्ये लांब, कडेला आखूड, मग पुन्हा थोडे लांब असे ठेवले की फिल्टरचा आकार मनासारखा घडवता येतो. म्हणजे कागदावर जे गणित मांडलं तेच चित्र म्हणून स्फटिकावर छापायचं. एकदा छापलं की दहा वर्षांनीही तसंच. ३६ मेगाहर्ट्‌झच्या आसपास लाटेची लांबी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या हिशोबातली, त्यामुळे छापणंही सोपं होतं. जुन्या टीव्हीचा बोर्ड कधी भंगारात दिसला तर पाच पायांचं एक चपटं डबडं शोधा. बहुधा तेच.

फोनमध्ये येताना सगळं पन्नासपट बारीक झालं

१९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास लाट दोन मायक्रॉनची, आणि फणीचा एक दात तिच्या पाव लांबीचा. म्हणजे अर्धा मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे सत्तर दात आणि त्यांच्या मधल्या सत्तर फटी बसतात. हे छापायला चिप बनवण्यासारखीच यंत्रं लागतात. खाली सिलिकॉनऐवजी लिथियम टँटालेट किंवा लिथियम नायोबेट असतं, एवढंच.

रचनाही बदलली. टीव्हीत लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची आणि त्यात बरीच ताकद वाया जायची. फोनला ते परवडत नाही. म्हणून फणीच्या दोन्ही बाजूंना धातूच्या रेघांचे आरसे करून लाट आतच कोंडतात. असा कोंडलेला तुकडा म्हणजे रेझोनेटर. असे सात-आठ रेझोनेटर शिडीसारखे जोडतात. काही वाटेत उभे राहून हवी ती फ्रिक्वेन्सी पुढे सोडतात, काही नको ती जमिनीत नेऊन सोडतात.

असा चांगला जोड-फिल्टर ढोलाचा आवाज एक लाख पटींनी किंवा त्याहूनही जास्त दाबतो. उरलेलं काम पुढची सर्किटं करतात.

फुकट मात्र काही नाही. फिल्टरमधून जाताना हव्या असलेल्या लहरीचाही साधारण तिसरा हिस्सा खर्ची पडतो. रेंज कमी असताना फोन जास्त जोर लावतो, तो जोर इथे उष्णता होऊन जातो. रेंज नसलेल्या भागात फोन गरम होतो आणि बॅटरी लवकर उतरते, त्यात या दाण्यांचाही थोडा वाटा असतो.

आणि उष्णता हाच सॉ चा जुना शत्रू.

तापमान वाढलं की स्फटिक प्रसरण पावतो, लाटेचा वेग बदलतो आणि फिल्टर खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो. साध्या लिथियम टँटालेटवर हे सरकणं दर अंशाला दहा लाखात तीस ते चाळीस भाग. ऐकायला क्षुल्लक. पण आता विदर्भातला मे महिना घ्या. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात मॅप लावून ठेवलेला फोन. आतला फिल्टर ६५ अंशांवर गेला, म्हणजे २५ अंशांपेक्षा ४० अंश जास्त. हिशोब केला तर १८०० मेगाहर्ट्‌झला फिल्टर सुमारे अडीच मेगाहर्ट्‌झ सरकतो. मधली फट होती २० ची, आणि ९०० च्या बँडमध्ये जेमतेम १० ची. दरवाजाच जागेवरून हलायला लागला तर कसं चालेल?

यावरचा उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर वाटतो. बहुतेक पदार्थ तापले की मऊ पडतात. सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे वाळूचा आणि काचेचा मूळ घटक, तापला की उलट किंचित ताठर होतो. त्याचा पातळ थर फण्यांवर चढवला की एकाचं मऊ पडणं दुसऱ्याच्या ताठरपणाने भरून निघतं. फिल्टर बराचसा जागच्या जागी राहतो. महागड्या फिल्टरमध्ये आज असा थर, किंवा स्फटिकाचा अगदी पातळ पापुद्रा सिलिकॉनवर चिकटवण्याची पद्धत वापरतात.

फ्रिक्वेन्सी जसजशी वर जाते तसे दात आणखी बारीक होत जातात आणि सॉ दमायला लागतो. तिथून पुढे बरेचदा त्याचा भाऊ येतो, 'बॉ'. त्यात लाट पृष्ठभागावरून न जाता एका पातळ थराच्या जाडीतून वरखाली होते. आपला बँड ४० इथेच येतो. या बँडमध्ये फोन बोलणं आणि ऐकणं आळीपाळीने करतो, त्यामुळे स्वतःच्या ढोलाचा त्रास नाही. पण तो २४०० ला संपतो, आणि वायफाय तिथूनच सुरू होतं. तुम्ही हॉटस्पॉट चालू केला की त्याच फोनमधलं वायफाय ओरडतं आणि बोटभर अंतरावरचं ४जी ऐकायचा प्रयत्न करतं. त्या दोघांमध्ये भिंत म्हणून हा दाणा उभा असतो.

गाडीच्या चावीतला सॉ

लाट दोन आरशांमध्ये कोंडली आणि तिला एका ट्रान्झिस्टरने सतत थोडा थोडा धक्का दिला तर ती थांबतच नाही. मग हा फिल्टर राहत नाही, ऑसिलेटर होतो. ठरलेल्या ठोक्याने वाजत राहणारं घड्याळ म्हणा.

साधा क्वार्ट्‌झ क्रिस्टल वापरून हे होत नाही का? होतं, पण त्याची फ्रिक्वेन्सी जाडीवर ठरते. १० मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढा जाड असतो. थेट ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालणारा करायचा तर त्याची जाडी चार मायक्रॉनच्या खाली न्यावी लागेल. फुंकर मारली तरी तुटेल. सॉ मध्ये जाडीचा प्रश्नच नाही, कारण सगळा खेळ वरच्या नक्षीचा. खाली दगड हवा तेवढा जाड ठेवा.

म्हणून गाडीची रिमोट चावी, गेटचा रिमोट, वायरलेस बेल यांच्यात वर्षानुवर्षं ४३३.९२ मेगाहर्ट्‌झचा सॉ रेझोनेटर बसत आला. इंजिनियरिंगच्या पोरांनी लॅमिंग्टन रोडवरून आर्डुइनोच्या प्रोजेक्टसाठी स्वस्तातला ४३३ चा ट्रान्समीटर घेतला असेल, तर त्यावरचं ते गोल चकचकीत धातूचं बटण म्हणजेच सॉ. त्यावर बऱ्याचदा आर४३३ असं लिहिलेलं असतं.

तो फार काटेकोर नसतो हे खरं. त्याच्या फ्रिक्वेन्सीत ७५ किलोहर्ट्‌झपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्यामुळे समोरच्या रिसीव्हरलाही कान मोठे ठेवावे लागतात. नव्या रिमोटमध्ये साधा क्रिस्टल आणि त्याची फ्रिक्वेन्सी वाढवून देणारी चिप वापरतात, ती जास्त नेमकी. सॉ चं तिथलं राज्य ओसरतंय. फोनमध्ये मात्र उलट, दर नव्या बँडबरोबर त्याची मागणी वाढत गेली.

बोट लावलं की लाट मरते

सॉ ची एक अट असते. वरचा पृष्ठभाग मोकळा हवा. धुळीचा कण, पाण्याचा थेंब, गोंद, काहीही टेकलं की लाट त्यात शोषली जाते. म्हणून हे फिल्टर आतून पोकळ डबीत बंद करतात.

पण एकाची खोड ती दुसऱ्याची सोय. काही किऑस्कवरच्या टचस्क्रीन याच तत्त्वावर चालतात. काचेच्या कडेने ध्वनिलहरी सोडलेल्या असतात. तुम्ही बोट टेकवता, बोट मऊ असल्यामुळे तिथली लाट शोषून घेतं, आणि कुठे आवाज कमी झाला यावरून मशीनला जागा कळते. त्यावर पाण्याचा थेंब पडला की मशीन त्यालाच बोट समजते. सॉ वर वायू शोषणारा थर देऊन वायू ओळखणारे सेन्सर करता येतात. सेलशिवाय चालणारे तापमानाचे सेन्सरही होतात: रेडिओचा ठोका पाठवा, स्फटिकावरून लाट परत येते, ती किती बदलली यावरून तापमान सांगता येतं.

मोहरीचा दाणा आणि मोठ्या देशांची भांडणं

आता परत फोनकडे. या दाण्यांची किंमत एकेकट्याने बघितली तर फुटकळ. पण ते बनवणारे हात मोजके. जपानच्या मुराता आणि तैयो युडेन, अमेरिकेच्या कोर्वो, स्कायवर्क्स, ब्रॉडकॉम आणि क्वालकॉम ही त्यातली मोठी नावं. स्फटिक वाढवणं, तो नेमक्या कोनात कापणं, अर्ध्या मायक्रॉनची नक्षी छापणं आणि एकमेकांच्या पेटंटमध्ये न अडकणं हे सगळं एकत्र जमवणं सोपं नाही.

हे किती महाग पडू शकतं ते २०२१ मध्ये दिसलं. हुवावेने पी५० प्रो हा फोन काढला. त्यातल्या किरिन ९००० चिपमध्ये ५जी मोडेम होता. तरीही फोन विकला गेला तो ४जी म्हणून. अमेरिकी निर्बंधांमुळे कंपनीला रेडिओच्या पुढच्या टोकाचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, आणि त्यावर लिहिणाऱ्यांनी ज्या भागांकडे बोट दाखवलं त्यात फिल्टर होते. मेंदू ५जी चा, पण कान नाहीत. आतेभावाच्या फोनचंही दुखणं जातकुळीने हेच.

म्हणून बाहेरून फोन मागवणार असाल तर रॅम आणि कॅमेऱ्याच्या आधी एक काम करा. डब्यावरचा किंवा सेटिंगमधला पूर्ण मॉडेल नंबर घ्या. एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगळे मॉडेल नंबर असतात, त्यामुळे नुसतं नाव पुरत नाही. कंपनीच्या साइटवर त्या नंबरसमोरची बँडची यादी उघडा. ४जी साठी १, ३, ५, ८, ४० आणि ४१ हे आकडे शोधा. ५जी साठी एन७८, आणि जिओ असेल तर एन२८ सुद्धा. एखादा आकडा नसेल तर विक्रेता "अपडेटमध्ये येईल" म्हणेल. त्याला विचारा, अपडेटमध्ये स्फटिक पाठवणार का?